सर्वानुमते ‘टेबल’ झालेला ठराव: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ब्रिटनमधली एक संस्था आणि अमेरिकेतली एक संस्था मिळून जुन्या नियतकालिकांचा डिजिटल संग्रह चालवतात. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. संग्रहाचा कारभार आठ जणांची संयुक्त समिती पाहते, दोन्ही बाजूंचे चार-चार सदस्य. अध्यक्षपद आलटून-पालटून, त्या वर्षी ते अमेरिकी बाजूकडे होतं. समितीची सचिव ब्रिटिश संस्थेच्या नोकरीत, मातृभाषा मराठी, शिक्षण भारतात. विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं आणि ठरावांचा पाठपुरावा करणं हे तिचं काम. तिला मताचा अधिकार नाही.

संग्रहाच्या फाइली एका बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या. करार एक वर्षाचा. मुदत संपायच्या ६० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर तो आपोआप आणखी वर्षभर वाढणार. ब्रिटिश सदस्यांना कंपनी बदलायची होती आणि त्यांच्यातल्या तांत्रिक सदस्याने तसं सविस्तर टिपण तयार केलं होतं. अमेरिकी सदस्यांचा बदलाला विरोध नव्हता. पण त्यांच्या विधी विभागाचं मत येईपर्यंत त्यांना या विषयाला हात लावायचा नव्हता. म्हणजे मतभेद होता तो फक्त ‘कधी’ याबद्दल.

समितीची एक प्रथा इथे सांगायला हवी, कारण पुढे तिनेच घोळ वाढवला. रीतसर मांडलेल्या टिपणावर बैठकीत वेळ अपुरा पडला, तर ते सर्वांना ईमेलने पाठवायचं आणि पाच कामकाजाच्या दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर धरायचं. ब्रिटिश संस्थेत ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली. संयुक्त समितीत ती आपसूक शिरली. कुठल्या नियमावलीत लिहिलेली नव्हती आणि अमेरिकी सदस्यांना कुणी समजावूनही दिली नव्हती.

एक टेबल, दोन अर्थ

इंग्रजीत एखादा विषय ‘टेबल’ करणं म्हणजे काय, याचं उत्तर विचारणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ चर्चेसाठी मांडणं. ब्रिटिश संसदेत खासदार प्रश्न, दुरुस्त्या आणि प्रस्ताव ‘टेबल’ करतात. हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न आणि प्रस्ताव स्वीकारणाऱ्या कचेरीचं नावच टेबल ऑफिस आहे. भारतीय संसदेने हीच परंपरा उचलली. अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला, असं आपण बातमीत वाचतो तेव्हा तो समोर आला असंच समजतो. सचिवाच्या कानालाही हाच अर्थ सरावाचा होता.

अमेरिकेत अर्थ उलटा: बाजूला ठेवणं. त्यातही छटा आहेत. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात एखादा विषय ‘टेबल’ करण्याचा प्रस्ताव आला की त्यावर चर्चा होत नाही, थेट मतदान होतं, आणि प्रस्ताव मंजूर झाला की मूळ विषय तिथेच निकालात निघतो. संस्था, मंडळं आणि संघटनांच्या बैठकांवर तिथे वेगळ्याच एका पुस्तकाची छाप आहे. हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ साली सभा चालवण्याचे नियम छापले आणि ते देशभर रुळले. या नियमांप्रमाणे ‘टेबल’ करणं म्हणजे मध्येच काही तातडीचं आलं म्हणून हातातला विषय तात्पुरता बाजूला ठेवणं. नंतर बहुमताने तो पुन्हा उचलता येतो. रोजच्या बोलण्यात या दोन्हींची सरमिसळ होते. ‘आज नको, पुढे बघू’ इतकाच त्याचा अर्थ उरतो, आणि ते ‘पुढे’ कधी येतं, कधी येतच नाही.

दोन्ही अर्थांचं मूळ सभागृहातल्या टेबलातच आहे. कागद टेबलावर ठेवला म्हणजे तो सगळ्यांसमोर आला, असं एकाला दिसलं; तो तिथे पडून राहिला, असं दुसऱ्याला. शिवाय अमेरिकी इंग्रजी स्वतःशीही सुसंगत नाही. प्रस्ताव ‘ऑन द टेबल’ आहे म्हणजे तो जिवंत आहे, ‘ऑफ द टेबल’ म्हणजे मागे घेतला. हे अर्थ अटलांटिकच्या दोन्ही काठांवर सारखेच. त्यामुळे एखादा अमेरिकी माणूस एकाच बैठकीत प्रस्ताव टेबलावर आहे असं म्हणून त्याच्या चर्चेची तयारी दाखवू शकतो आणि दहा मिनिटांनी तोच प्रस्ताव ‘टेबल’ करून ती तयारी मागे घेऊ शकतो. कॅनडात तर संसदेत ब्रिटिश अर्थ चालतो आणि इतर बैठकांत अमेरिकी अर्थही कानावर पडतो. (‘अंडर द टेबल’ मात्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टेबलाखालून काय चालतं ते मराठीलाही चांगलं ठाऊक आहे.)

या शब्दाने माणसं यापूर्वीही भांडली आहेत. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या बोलण्यांतला असाच प्रसंग नोंदवला आहे. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते ‘टेबल’ करू या असं त्यांनी म्हटलं. अमेरिकनांना वाटलं, हे टिपण खणात टाकून विसरायला निघाले. बराच वेळ वाद रंगला, तो कडवटही झाला, आणि मग कळलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या समितीचं प्रकरण त्याहून जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण इथे वाद झालाच नाही.

काय घडलं

बैठकीच्या आठवडाभर आधी अध्यक्षांचा सर्वांना ईमेल आला: साठवणुकीचा विषय गुरुवारच्या बैठकीत ‘टेबल’ करू या. त्यांच्या मनात होतं ते असं की गुरुवारी हा विषय रीतसर बाजूला ठेवू, म्हणजे विधी विभागाला महिनाभर मिळेल. ब्रिटिश सदस्यांनी वाचलं ते असं की अध्यक्षांनी हा विषय गुरुवारी घ्यायचं मान्य केलं. तांत्रिक सदस्याने रात्री जागून टिपणात खर्चाचे आकडे भरले. कुणीही उलट प्रश्न केला नाही, कारण कुणालाच प्रश्न पडला नाही.

गुरुवारी आधीचे विषय लांबले आणि या विषयाला शेवटची दहा मिनिटं उरली. तांत्रिक सदस्याने बोलायला सुरुवात केली, तसं अध्यक्षांनी अडवलं: हा विषय आपण ‘टेबल’ करायचं म्हणत होतो ना? हो, तेच करतोय, असं उत्तर आलं. अध्यक्षांना वाटलं, हा थोडक्यात समारोप करतोय. तांत्रिक सदस्याला वाटलं, अध्यक्ष वेळेची आठवण देतायत. त्याने दोन वाक्यांत टिपणाचा सारांश सांगितला. मग अध्यक्षांनीच सुचवलं की विषय क्रमांक ४ ‘टेबल’ करावा. अनुमोदन मिळालं, आठही हात वर झाले.

इतिवृत्तात ओळ गेली: ‘विषय क्रमांक ४ टेबल करण्यात आला. सर्वानुमते.’

दुसऱ्या दिवशी प्रथेप्रमाणे टिपण सर्वांना गेलं. सोबत दोन ओळी: गुरुवारी ‘टेबल’ झालेलं टिपण जोडलं आहे, काही म्हणणं असल्यास येत्या गुरुवारपर्यंत कळवावं. अमेरिकी सदस्यांनी ते पुढच्या महिन्याच्या वाचनासाठी बाजूला ठेवलं. जो विषय आपण नुकताच थांबवला त्यावर आत्ता कशाला काही म्हणायचं? आठवडा गेला. हरकत आली नाही. ब्रिटिश संस्थेने टिपण मंजूर धरलं आणि कंपनीला करार न वाढवण्याची नोटीस पाठवली.

कंपनीच्या माणसाने नोटीस मिळाल्याची पोच अमेरिकी संस्थेच्या हिशेब विभागालाही दिली, आणि सोबत सौजन्याने लिहिलं की आपण जाताय याचं वाईट वाटतं. तासाभरात अध्यक्षांचा ईमेल आला. त्यात ‘पाठीमागून’ या अर्थाचे शब्द होते.

निर्णयाचा पहिला क्षण: शंका आली तेव्हा

सचिवाला शंका आधीच आली होती, हा या प्रकरणातला सगळ्यात बोधक भाग आहे. इतिवृत्त लिहिताना तिला खटकलं ते इतकंच की ठरावानंतर ‘मग पुढे काय’ असं कुणीच बोललं नाही. एरवी या समितीत कुठलाही ठराव झाला की कुणीतरी कामं वाटून घेतं. या वेळी सगळे निवांत उठले.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. बैठक संपता संपता सर्वांसमोर विचारणं, नंतर अध्यक्षांना खाजगीत विचारणं, किंवा शब्दकोश पाहणं. तिने तिसरी निवडली. शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले होते, त्या-त्या देशाच्या नावासकट. ते वाचून तिची शंका मिटायला हवी होती की वाढायला? तिची मिटली. समिती ब्रिटिश पद्धतीने चालते, मग अर्थही ब्रिटिशच असणार, असा हिशेब तिने केला. शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो. त्या गुरुवारी त्या माणसाच्या मनात काय होतं हे त्यातून कळणं शक्य नव्हतं.

तिने विचारलं का नाही, याचं तिने नंतर दिलेलं कारण आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटेल. समोर आठही जण इंग्रजी मातृभाषेचे. एवढा साधा शब्द आपण विचारला तर आपलंच इंग्रजी कच्चं आहे असं दिसेल. गंमत अशी की त्या आठांपैकी एकालाही शंका आली नव्हती, आणि ती येण्याइतकं दूरचं अंतर फक्त तिच्याकडे होतं. न कळणारा वाक्प्रचार तसा निरुपद्रवी असतो, कारण ऐकणारा थांबतो, विचारतो. इथे शब्द आठही जणांना ऐकताक्षणी कळला होता, म्हणून कुणी थांबलंच नाही.

निर्णयाचा दुसरा क्षण: भांडण पेटल्यावर

अध्यक्षांच्या ईमेलनंतर ब्रिटिश बाजूने उत्तर तयार केलं आणि पुरावा म्हणून इतिवृत्तातली ती ओळ जोडली. ते पाठवायच्या आतच अमेरिकी बाजूचा दुसरा ईमेल आला. त्यांनीही पुरावा जोडला होता. तीच ओळ.

सचिवाला तिथे उलगडा झाला. आता पर्याय असे होते:

इतिवृत्त दुरुस्त करून ‘पुढील बैठकीपर्यंत स्थगित’ असं लिहिणं. अध्यक्षांना हे चाललं असतं, पण ते खरं नव्हतं. चार सदस्यांनी तसं मत दिलेलंच नव्हतं. ‘चर्चेसाठी मांडण्यात आला’ असं लिहिणंही त्याच कारणाने खोटं ठरलं असतं.

नोटीस मागे घेऊन माफी मागणं. यामुळे वातावरण निवळलं असतं. पण ६० दिवसांची मर्यादा जवळ येत होती. विधी विभागाचं मत उशिरा आलं असतं तर नको असलेला करार वर्षभरासाठी गळ्यात पडला असता.

नोटीस तशीच ठेवून ‘ठराव आमच्या बाजूने आहे’ असा पवित्रा घेणं. ब्रिटिश बाजूच्या एका सदस्याचं हेच मत होतं. तांत्रिकदृष्ट्या त्याला आधारही होता, पण ज्यांच्याबरोबर पुढे काम करायचंय त्यांना अशा आधाराने जिंकून काय साधणार?

नोटीस तात्पुरती गोठवायला कंपनीला सांगणं, आणि तेवढ्या वेळात तातडीची बैठक घेणं.

काय केलं

चौथा पर्याय निवडला गेला, पण त्याआधी सचिवाने एक छोटी गोष्ट केली, आणि माझ्या मते गाडी रुळावर आली ती तिच्यामुळे. तिने दोन्ही बाजूंच्या एकेका सदस्याला फोन केला. ‘टेबल’चा अर्थ काय, असं तिने विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर दोघांनीही आपापला अर्थ ठासून सांगितला असता आणि शब्दावरून नवी लढाई सुरू झाली असती. तिने विचारलं: मतदान झालं, त्यानंतरच्या सोमवारी सकाळी काय होईल असं तुम्हाला वाटलं होतं? एक म्हणाला, टिपणावर ईमेल सुरू होतील. दुसरा म्हणाला, काहीच नाही, म्हणून तर मी हात वर केला.

ही दोन उत्तरं शेजारी-शेजारी लिहून तिने एक पानी टिपण काढलं. त्यात कोण बरोबर याबद्दल शब्द नव्हता. चार दिवसांनी तातडीची बैठक झाली. टिपण वाचल्यावर थोडी हसाहशी झाली, ताण सैलावला. सगळ्यांचा नाही. एका अमेरिकी सदस्याने म्हटलं की शब्दाचा घोटाळा समजला, पण तरीही प्रश्न उरतो: कुणीही ‘हो’ म्हणालेलं नसताना नोटीस गेली कशी? आठवडाभर गप्प राहणं म्हणजे होकार, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?

हा प्रश्न रास्त होता. सगळा दोष वाक्प्रचारावर टाकून मोकळं होणं त्या दिवशी सगळ्यांनाच सोयीचं होतं. या सदस्याने ते होऊ दिलं नाही. ‘टेबल’चा अर्थ सगळ्यांनी एकच लावला असता तरी मौनाला संमती मानणारी ती न लिहिलेली प्रथा कधीतरी दुसऱ्या विषयावर फुटलीच असती.

परिणाम

कंपनीने नोटीस गोठवायला होकार दिला आणि मूळ मुदतीनंतर तीन महिने मासिक दराने सेवा द्यायचं मान्य केलं. हा दर वार्षिक करारापेक्षा महाग पडला. गैरसमजाची रोख किंमत म्हणायची तर ती एवढी. त्या अवधीत विधी विभागाचं मत आलं, अनुकूल आलं, आणि समितीने कंपनी बदलायचा ठराव केला. या वेळी ठरावात कोण, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत हे तिन्ही लिहिलं होतं.

जुन्या इतिवृत्तातली ओळ खोडली नाही. तिच्याखाली एक टीप जोडली, की या ठरावाबाबत सदस्यांची समजूत भिन्न होती, तपशिलासाठी तातडीच्या बैठकीचं इतिवृत्त पाहावं. मौनाला संमती मानण्याची प्रथा बंद झाली. आता ईमेलवर प्रत्येक बाजूच्या किमान दोन सदस्यांचा स्पष्ट होकार लागतो.

धोक्याच्या शब्दांची यादी करून ते वर्ज्य करावेत, अशीही सूचना आली. ‘मूट’ सुचला: ब्रिटिश वापरात वादाला जागा असलेला मुद्दा, अमेरिकी वापरात ज्यावर वाद घालण्यात आता अर्थ उरला नाही असा. ‘क्वाइट गुड’ सुचलं: अमेरिकी तोंडी ती बहुधा दाद असते, ब्रिटिश तोंडी बऱ्याचदा ‘ठीक आहे’ एवढंच. यादी लांबत गेली, प्रत्येक शब्दावर कुणीतरी ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ म्हणू लागलं, आणि शेवटी ती सोडून दिली गेली. तिच्या जागी नियम आला की मतदानाआधी सचिवाने ठराव पूर्ण वाक्यात वाचून दाखवायचा आणि त्यात पुढची कृती असायलाच हवी.

वेगळं काय करता आलं असतं

अध्यक्षांच्या पहिल्या ईमेलमध्ये कारण नव्हतं. ‘विधी विभागाचं मत यायचंय, म्हणून’ एवढे शब्द असते तर क्रियापद कुठलंही असतं तरी चाललं असतं. वाक्प्रचार कारणाची जागा घेऊन बसतो ही त्याची सोयही आहे आणि खोडही.

बैठकीत दहा मिनिटं उरलेली असताना मतदान घेणं टाळता आलं असतं. ‘हो, तेच करतोय’ हे उत्तर अध्यक्षांनी घाईत ऐकलं. निवांत असते तर टिपणाचा सारांश ऐकताना त्यांना प्रश्न पडला असता की थांबवायच्या विषयाचा हा सारांश कशाला?

सचिवाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तिने बैठकीतच विचारायला हवं होतं, असं समितीत नंतर बोललं गेलं. मला हा भार तिच्यावर टाकणं पटत नाही. ज्या पदाला मत नाही आणि ज्या व्यक्तीची भाषा इतरांपेक्षा ‘दुय्यम’ समजली जाते, तिने आठ जणांना थांबवावं अशी अपेक्षा असेल तर तसा अधिकार आधी द्यायला हवा. ठराव वाचून दाखवण्याचा नियम झाल्यावर तिला तो मिळाला: आता थांबवणं हे तिचं धाडस नाही, काम आहे. तिच्या हातात खरोखर होतं ते वेगळंच. इतिवृत्ताचा मसुदा लिहिताना ‘टेबल’ शब्द न वापरता ‘टिपण मांडण्यात आलं, ईमेलवर निर्णय होईल’ असं तिला जे समजलं ते सरळ लिहिलं असतं, तर अध्यक्षांनी मसुदा वाचताक्षणी हरकत घेतली असती. बरोबर शब्द शोधण्यापेक्षा स्वतःची समजूत उघडपणे लिहून ती चुकीची ठरू देणं तिथे जास्त उपयोगी पडलं असतं.

आणि कंपनीला नोटीस पाठवण्याआधी ब्रिटिश संस्थेने अध्यक्षांना एक फोन केला असता, तर हे प्रकरण लिहिण्याजोगं झालंच नसतं. नोटिशीवर संयुक्त समितीचं नाव होतं, अध्यक्षांची सही नव्हती. त्या तपशिलाकडे कुणाचं लक्ष कसं गेलं नाही, याचं समाधानकारक उत्तर तातडीच्या बैठकीतही मिळालं नाही. नव्या नियमात आता बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नोटिशीवर दोन्ही संस्थांची सही लागते.

अध्यक्षांची बोलण्याची सवय काही बदलली नाही. विषय ‘टेबल’ करू या, असं ते अजूनही म्हणतात, आणि सचिव विचारते: कोणत्या तारखेपर्यंत?